टेलरबाईंचा उजवा हातमोजा

मित्रांनो, मला पाच बोटं आहेत, पण नख एकही नाही. मी हातमोजा आहे, उजव्या हाताचा, बकऱ्याच्या कातड्याचा, आणि आता बऱ्यापैकी जुना. माझ्या तळव्याचा रंग बाकीच्या अंगापेक्षा गडद दिसतो, कारण तिथलं कातडं मूळचं नाही. ते का बदलावं लागलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कातडं कापणाऱ्याने साचा दाबला आणि एका दमात माझ्यासारखे सहा पंजे बाहेर पडले. पुढे एका बाईने मशीनवर माझी बोटं शिवली. तिच्यापुढे एवढा ढीग होता की तिने माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. मग डाव्या भावाशी माझी जोडी बांधली आणि आमची रवानगी एका हार्डवेअरच्या दुकानात झाली. डोंगर, कडे, दोर यांच्याशी आमचा काडीचाही संबंध नव्हता. पत्रे उचलणारे आणि ट्रक भरणारे यांच्यासाठी आम्ही बनलो होतो. खिळ्यांच्या डब्यांवरच्या आकड्याला आम्ही आठ महिने धूळ खात लटकलो.

एका दुपारी दुकानात एक बाई आल्या. वय पंचेचाळिशीचं, गळ्यात मापाची टेप तशीच विसरलेली. उजव्या तळव्यावर नवी, गुलाबी कातडी आलेली.

"हातमोजे दाखवा," त्या म्हणाल्या.

"ओझी उचलायला हवेत का, ताई?"

"हो. मुलगी उचलायची आहे."

दुकानदार बघतच राहिला. मग बाईंनीच सगळं सांगितलं.

त्यांना सगळी गल्ली टेलरबाई म्हणायची. त्यांची वीस वर्षांची मुलगी दर रविवारी गावाबाहेरच्या कड्यावर चढायची. चढणाऱ्याच्या कमरेला दोर असतो, तो कड्यात ठोकलेल्या कडीतून खाली येतो आणि खाली उभा असलेला जोडीदार आपल्या कमरेच्या कडीतून घेऊन तो सांभाळतो. याला बिले देणं म्हणतात. मुलीची जोडीदारीण नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, तेव्हा बाईंनी जाहीर केलं, "घरी बसून जीव मुठीत धरण्यापेक्षा मीच येते आणि दोर मुठीत धरते." मुलीला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती.

पहिल्याच धड्याला त्यांना दोरावरून खाली उतरायला शिकवलं, म्हणजे रॅपलिंग. कुणाचे तरी उसने हातमोजे दिले होते, ते दोन मापं मोठे. उजव्या मोज्याची चुणी दोराबरोबर सारखी कमरेच्या कडीकडे ओढली जाऊ लागली. बोट अडकेल या भीतीने बाईंनी तो अर्ध्यावरच काढून टाकला. शेवटचे वीस फूट उघड्या हातातून दोर सरसरत गेला आणि तळवा सोलून निघाला. दहा दिवस कात्री धरता आली नाही. शाळेच्या गणवेशांचं काम दुसऱ्या टेलरकडे गेलं.

बाईंचा थोरला भाऊ समजवायला आला. "या वयात ही थेरं हवीत कशाला?"

बाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. "हात सोलला तो ढगळ मोज्यामुळे. मोजा बदलते. रविवार बदलणार नाही."

मुलीने त्यांना खेळाच्या सामानाच्या दुकानात नेलं होतं. तिथल्या हातमोज्यांची किंमत वाचून बाईंनी ते हळूच जागेवर ठेवले होते. म्हणून त्या आता माझ्यासमोर उभ्या होत्या.

दुकानदाराने आधी रबर लावलेले विणीचे मोजे काढले. "रबर तापलं की दोराला चिकटतं," म्हणत बाईंनी ते मागे सारले. मग वेल्डिंगचे जाडजूड मोजे आले. ते घालून बाई म्हणाल्या, "यात माझी बोटं आहेत की नाहीत तेच कळेना." मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

मित्रांनो, त्यांनी मला उलटा केला आणि माझी शिवण वाचली! हो, वाचलीच म्हणायचं. टाके किती जवळ आहेत, दोरा ओढून सुटतो का, दोर जिथून सरकेल तिथे एखादी शिवण आडवी येते का, सगळं पाहिलं. मला हातात घालून मूठ मिटली. तळव्यात चुणी पडली नाही, बोटांची टोकं रिकामी लोंबली नाहीत. शेवटी त्यांनी काउंटरवरच्या परातीतला एक बारीक स्क्रू माझ्या बोटांनी उचलला आणि परत ठेवला.

"सुई नाही धरता येणार," त्या म्हणाल्या, "पण गाठ मारता येईल. द्या हे."

घरी गेल्यावर त्यांनी जुन्या पिशवीचं कातडं कापून माझ्या तळव्यावर दुसरा थर शिवला. मेण लावलेला दोरा, जाड सुई आणि दाताखाली धरलेला ओठ, असा तो कार्यक्रम झाला. मनगटापाशी एक छोटा बंद लावला, म्हणजे कमरेला अडकवता यावं.

कड्यावर माझी परीक्षा घेतली गाठवाल्या काकांनी. ते अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. प्रत्येकाची गाठ स्वतः ओढून पाहिल्याशिवाय कुणालाही चढू देत नसत, म्हणून हे नाव. त्यांनी माझ्यातून दोर फिरवला, वास घेतला आणि म्हणाले, "चालेल."

"चालेल म्हणजे?"

"म्हणजे मोजा चालेल. आता हाताचं बघू. दोर धरणारा खालचा हात कधीही सोडायचा नाही. नाक खाजलं तरी?"

"तरी."

"मधमाशी बसली तरी?"

"तरी, काका."

वाळूचं पोतं चाळीस वेळा वर-खाली केल्यावर काकांनी मुलीला दोराला बांधू दिलं.

पुढची दोन वर्षं माझ्या उमेदीची. दर रविवारी मी दोर धरला. लोक आपापल्या महागड्या मोज्यांकडे बघत आणि मग माझ्याकडे. "कुठून घेतले?" "हार्डवेअरच्या दुकानातून." या उत्तराने बाईंची मान ताठ व्हायची. खरं सांगतो, माझीही झाली असती, पण मला मान नाही.

मग पहिल्या पावसात आम्ही भिजून परत आलो आणि पावसाळ्यापुरतं चढणं थांबलं. पिशवी पलंगाखाली गेली आणि कामाच्या रेट्यात तीन महिने तिची कुणाला आठवणच झाली नाही. बाहेर आलो तेव्हा मी पत्र्यासारखा कडक झालो होतो आणि अंगावर बुरशी होती.

"टाकून दे आई," मुलगी म्हणाली.

बाईंना स्वतःचाच राग आला होता. "चूक माझी आणि टाकायचं त्याला?" त्यांनी मला पुसलं, सावलीत वाळवलं, तेल चोळलं. रोज काम संपल्यावर मांडीवर घेऊन कणीक मळावी तसं मळलं. नवव्या दिवशी माझा अंगठा वळला. शिवण पुन्हा तपासली, काकांना दाखवली आणि मगच मी कड्याखाली उभा राहिलो.

त्याच महिन्यात ते घडलं.

मुलगी तीन मजले उंचीवर होती. तिने एका दगडाला हात घातला आणि तो दगडच निखळून हातात आला. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. दोराला असा हिसका बसला की बाई जमिनीवरून उचलल्या गेल्या आणि त्यांचा खांदा कड्यावर आपटला. हातभर दोर माझ्या तळव्यातून सुसाट गेला. मी तापलो. वरचा थर फाटला, आतला भाजला. पण बाईंची मूठ मिटली ती मिटलीच. दोर थांबला.

मुलगी कड्यावर आदळून दोराला लटकली. मग, "आई, पाय! पाय आपटला!"

गाठवाले काका धावत आले. "ताई, तुमचा खांदा! द्या दोर माझ्याकडे."

"आधी तिला खाली आणते."

काकांनी मागून दोराचं टोक धरलं. बाईंनी वीत वीत करत तिला खाली घेतलं. मुलगी जमिनीला टेकली, काका म्हणाले, "सोडा आता," तरी बोटं उघडेनात. काकांनी एकेक बोट सोडवत मला काढलं. बाईंचा तळवा लालबुंद होता, पण कातडी शाबूत होती.

मुलीच्या घोट्याला सहा आठवडे प्लास्टर राहिलं. ते निघालं, ती चालू लागली, पण कड्याचं नाव काढेना. चढायचे बूट तिने शेजारच्या मुलीला देऊन टाकले. "माझं मन उडालं," एवढंच म्हणाली.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी माझा जळलेला तळवा टाका टाका उसवला आणि नवं, जाड कातडं बसवलं. काकांनी दोर ओढून पाहिला. पुढच्या रविवारी बाई मुलीला म्हणाल्या, "नुसती बसायला चल."

कड्याच्या सोप्या बाजूला त्यांनी स्वतःच्या कमरेला दोर बांधला आणि मला मुलीपुढे धरलं.

"आज मी चढते. दोर तू धर."

"आई, मला नाही जमणार."

"तुला कुठे चढायला सांगतेय? मला धर, एवढंच."

मुलीचा हात माझ्यात आला. बोटं लांब, तळवा अरुंद आणि घामाने ओला. तरी मूठ मिटल्यावर माझ्यात चुणी पडली नाही. काका तिच्या मागे दोराचं टोक धरून उभे राहिले. बाई जन्मात कधी चढल्या नव्हत्या. दोन पुरुष उंचीवर त्यांचा डावा पाय लटलट हलू लागला.

"ताई, मशीन बंद करा!" काका ओरडले. मुलगी हसली. कित्येक दिवसांनी हसली.

अजून थोडं वर जाऊन बाई थांबल्या. "आता सोडते गं."

"कशाला? थांब! आई, नको!"

"सोडते."

आणि त्यांनी दोन्ही हात सोडले. दोर ताणला गेला. मुलीची मूठ माझ्यासकट घट्ट मिटली. काकांच्या हातातलं टोक तसंच सैल राहिलं, त्याची गरजच पडली नाही. बाई हवेत अलगद बसल्या होत्या.

"धरलंय," मुलगी पुटपुटली. मग सगळा कडा ऐकेल असं ओरडली, "आई, मी धरलंय तुला!"

मित्रांनो, हल्ली मला दोन हात वापरतात, रविवारी आलटून पालटून. मुलीने नवे बूट घेतले आहेत. माझं एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्याला निवडताना किंमत कमी असली तरी हरकत नाही, पण शिवण बघा, मूठ मिटून बघा, माप चुकवू नका. भिजलो तर सावलीत वाळवा. तळवा झिजला तर नवा बसवा, नाहीतर दुसरा हातमोजा घ्या, त्यात आमचा अपमान नाही. तुमच्या मुठीतल्या दोराच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी असतं, आणि तुमच्या भरवशावर त्याने दोन्ही हात सोडलेले असतात.