मनगट कोण धरील

ओल्या फडक्यात बांधलेली बेलाची पानं.

संडास खाटेपासून किती लांब?

पुण्याहून आलेलं जाड पाकीट.

अव्वाचा डावा हात. उजवा ठीक आहे.

बार्शीची पहिली एसटी.

*

१९७४ च्या मार्चमधल्या एका शनिवारी रुद्राणी आईला, कमलम्मा अव्वाला, घेऊन त्या एसटीत बसली. पुण्याच्या भावाने, चनबसप्पाने, कळवलं होतं: पैसे मी देतो, जागा तू बघ. अव्वा दोनदा न्हाणीत पडली होती आणि रुद्राणी दिवसभर शाळेत शिकवायची. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या शेजारणी तरी किती वेळ येऊन बसणार.

जागा म्हणजे बार्शीबाहेरचा एक वृद्धाश्रम.

अव्वाला ओट्यावर बसवून ती कार्यालयात गेली. डॉक्टर? आठवड्यातून एकदा. रात्री ताप आला तर? बघू. भाकरी चाववत नाही. कुस्करून देऊ. महिन्याचे पैसे आगाऊ, अनामत वेगळी.

मग राहिलेला प्रश्न. आंघोळ झाली की अव्वा गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करते. त्याआधी पाणीसुद्धा पीत नाही. आता तो हात थरथरतो. लिंग खाली पडलं तर? दुसरी कसलीच भीती तिला नाही. म्हणून रोज सकाळी रुद्राणी तिचं मनगट खालून धरते.

"इथं कोण धरील?"

व्यवस्थापकांनी चष्मा काढला. बायका थोड्या, म्हातारी माणसं फार. असलं काही कबूल करता येणार नाही, म्हणाले.

रुद्राणीला एकदम हलकं वाटलं. भावाला काय कळवायचं ते उठता उठताच ठरलं. दुपारची गाडी. उद्या सकाळी पुन्हा ते हाडकुळं, ऊबदार मनगट.

*

बाहेर अव्वा पूजेला बसली होती. पहाटे निघण्याच्या गडबडीत पूजा राहिली होती.

शेजारी तिथली कामवाली, मायाक्का, उकिडवी बसलेली. तिने मनगट धरलं होतं.

"लिंगाला हात न्हाय लावायचा. मनगटच धरायचं, व्हय ना आजी?"

अव्वाने मान हलवली. पाणी घातलं. बेल वाहिला. तळहातावरचं पाणी हललं नाही.

रुद्राणी खांबाशी थांबली. घरी पूजा इतका वेळ कधी चालली नव्हती.

लिंग गळ्यात परत गेल्यावर अव्वाने वर पाहिलं.

"तुझा हात शाळेच्या घंटेकडं असतो, रुद्रा," ती म्हणाली. रागाने नाही. "मी हितं राहते."

साहेब नाही म्हणतात, असं रुद्राणीने सांगितलं. मायाक्काला हसू आलं.

"सायेब कशाला धरतील? मी हाय की."

रुद्राणी पुन्हा आत गेली आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

*

रविवार. शाळा नाही. घरी रुद्राणीने स्वतःची पूजा केली आणि तिथेच बसून राहिली. उजवा हात मांडीवर, तळवा वर. बोटं थोडी वळलेली, मधे मनगटाएवढी जागा सोडून.

*

कमलम्मा लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तेरा वर्षांची होती आणि तिला मराठी येत नव्हतं. तरी ती राहिली.