खंडेनवमीचा लॅपटॉप

खंडेनवमीला सोलापुरात मागाला हार घालतात, कात्रीला कुंकू लावतात, हे काय नवीन नाही. पण खोक्यातनं काढलेल्या नव्या लॅपटॉपवर इतकं हळदीकुंकू, की बटण दाबताच पडद्याआधी लाल धुरळाच उठला, असं घर एकच, वैजयंती येमुलचं!

वैजयंती चादरींची नक्षी काढायची. तिची सगळी नक्षी एका फुकट मिळणाऱ्या, खुल्या सिस्टीमवरच उघडायची. जुना संगणक मेला आणि दिवाळीची मोठी ऑर्डर तर तोंडावर. म्हणून घटस्थापनेला तिनं जोतिराम शेठच्या दुकानातून लॅपटॉप आणला.

"शेठ, माझी सिस्टीम चालेल ना?"

"वैनी, यावर इमानबी चालतंय की!"

नव्या हत्याराला पूजेआधी हात लावायचा नाही, ही घरची रीत. खोकं खंडेनवमीपर्यंत देवापुढं तसंच राहिलं.

पूजा झाली, तिनं आपल्या सिस्टीमचा पेनड्राईव्ह लावला, आणि लॅपटॉपनं तोंड फिरवलं! कंपनीची सोडून दुसरी सिस्टीम घ्यायचीच नाही, असं कुलूप आत घातलेलं. नक्षीच उघडेना, म्हणून माग थांबला. सासू मल्लव्वाला घेऊन वैजयंती दुकानात गेली.

"बदलून द्यायची मुदत संपली की," शेठ म्हणाले. "आन् कंपनी म्हणती, कुलूप गिऱ्हाइकाच्याच सुरक्षेसाठी हाय."

"घर माझं, किल्ली तुमच्याकडं, आन् म्हणं सुरक्षा!" मल्लव्वा कडाडली. "आमी चादर विकतो. घेणारा पांघरंल, पडदा करंल, न्हायतर म्हशीवर टाकंल. विकल्यावर आमचा काय हक्क ऱ्हातोय? आन् आदी कुलूप सांगितलं असतं, तर घेतलं असतं व्हय आमी?"

दुकानातले सगळे हसले. लॅपटॉप तेवढा हसला नाही.

शेठ हळूच पुटपुटले, "गरजू बघून विका. कुलपाचं बोलू नका."

दुसऱ्याच दिवशी, लॅपटॉप विकायचाय असं ऐकून, मोहोळची सोनाली दारात आली. कॉलेजला जाणारी, साधी पोर. "ताई, यावर कुठलीपण सिस्टीम चालते ना?"

अगदी तोच प्रश्न! शेठचं विमान वैजयंतीच्या ओठांपर्यंत आलं. तिनं सासूकडं पाहिलं. मल्लव्वा तिच्याकडंच बघत होती.

"नाही गं," वैजयंती म्हणाली. "चालत नाही. मीच फसलेय."

सोनाली गेली. ऑर्डरही गेली, दुसऱ्याच्या मागावर. वैजयंतीनं ग्राहक आयोगात तक्रार केली, तिथं पुढची तारीख मिळाली.

"अत्ता," वैजयंती सासूला म्हणाली, "विमान चालतं म्हणाले होते शेठ. पण मी बिलावर कुठं लिहून घेतलं!"

"आता दुकानातच चालू करून बघायचं," मल्लव्वा म्हणाली. "कुंकू मग लावू. देव कुटं पळून चाललाय!"

वाचकहो, विकत घेतलेली वस्तू आपली की विकणाऱ्याची, हे पैसे मोजण्याआधी विचारा. चालवून बघा, दिलेला शब्द बिलावर मागा. आणि फसलात, तर ती फसवणूक पुढच्याच्या गळ्यात घालू नका! तेवढं तरी आपल्या हातात आहे. वैजयंतीच्या हातात तेवढंच उरलं होतं.

लॅपटॉप अजून देवापुढंच आहे. मल्लव्वा रोज त्याला एक फूल वाहते. निदान त्याला तरी सुबुद्धी येवो म्हणून.