फळीवरचं कॅलेंडर

"हळू. जून तेलाच्या डब्याखाली हाय. ओढू नको, फाटंल."

मी स्टुलावर उभा, पप्पा खालून स्टूल धरून. एकेक डबा मी त्यांच्या हातात देत होतो आणि ते ओट्यावर त्याच क्रमाने मांडत होते. तेल, तूरडाळ, साखर, पोहे. मम्मी गेल्यापासून फळीवरचा कागद आम्ही बदललाच नव्हता. डबा काढायचा, परत तिथेच ठेवायचा. दीड वर्ष असंच.

दर जानेवारीत मम्मी जुन्या कॅलेंडरची पानं सुटी करून फळ्यांवर अंथरायची. शेवटचं अंथरलं ते तेवीस सालचं. आणि आज कोर्टात आम्हाला नेमकं तेच पाहिजे होतं.

पप्पा पिंपळगावला कोल्ड स्टोरेजमध्ये मशीनवर आहेत. बावीस वर्षं. दर तासाला गेज बघायचा, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, सही करायची. मम्मीच्या मणक्याच्या ऑपरेशनसाठी त्यांनी एका फायनान्समधून तीन लाख घेतले होते. हप्ता सहा हजार दोनशे. आधी बँकेतून कापला जायचा. मग दोन हप्ते परत गेले आणि वसुलीला साई नावाचा पोरगा घरी यायला लागला. रोख घेऊन जायचा. पावतीचं मशीन बंद आहे म्हणायचा. दर महिन्याला बंदच.

पहिल्याच वेळी पप्पा त्याला म्हणाले, "मग इथं सही कर." भिंतीवरच्या कॅलेंडरवर, पाच तारखेच्या चौकोनात.

"काका, मी काय दूधवाला आहे का?"

"दूधवाल्याची सही आम्ही घेत नाय. त्याच्यावर भरवसा हाय."

साई हसला, पण सही केली. एप्रिल ते डिसेंबर, नऊ महिने तो पैसे घेऊन गेला.

मग मम्मीचं दुसरं ऑपरेशन झालं. मार्चमध्ये ती गेली. पप्पांना त्या वर्षी सीझन संपल्यावर अर्धा पगार होता. हप्ते थांबले. साई नोकरी सोडून गेला, त्याचा फोन लागेना. आणि फायनान्सने दावा टाकला. त्यात लिहिलं होतं की एप्रिल तेवीसपासून एक रुपया आला नाही.

समन्स पप्पांनी घेतलं, सही केली आणि युनिफॉर्मच्या खिशात ठेवून दिलं. पावणेतीन महिने. शर्ट धुवायचा असला की काढायचे, नवीन शर्टात ठेवायचे. मला सापडलं तेव्हा घडीवर तुकडे पडले होते.

"मला का नाय सांगितलं?"

"तू तरी काय करणार होता? तुझंच दुकान नवीन."

माझं दुकान म्हणजे आडगाव नाक्यावर मोबाईल रिपेअरिंगचं टेबल. मी त्याच दिवशी मोबाईलवर शोधत बसलो. दाव्यावर लेखी म्हणणं द्यायला तीस दिवस, फार तर नव्वद. आमचा आज सत्त्याऐंशीवा. नाही दिलं तर एकतर्फी निकाल, मग पगारावर जप्ती. पप्पांना बाकी कशाचं काही नव्हतं, एवढ्याचंच होतं. जप्तीचा कागद शेटच्या टेबलावर जाणार. बावीस वर्षांत त्यांनी शेटकडे कधी उचल मागितली नव्हती.

नऊ पानं निघाली. जूनवर तेलाचा गोल डाग होता, पण सही वाचता येत होती. पप्पांनी पानं मोठ्या पाकिटात घातली आणि बसमध्ये सीबीएस स्टँडपर्यंत पाकीट मांडीवर आडवं धरून बसले. घडी पडू दिली नाही.

विधी सेवेकडून आम्हाला फुकट वकील मिळाल्या होत्या, रोशनी मॅडम. माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठ्या. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर त्यांनी पानं एकेक करून बघितली.

"दूध दीड लिटर. खाडा. खाडा. गॅस आला. काका, तुमच्या गवळ्याचे खाडे साईपेक्षा जास्त आहेत."

पप्पा थोडे हसले. बऱ्याच दिवसांनी.

"कर्ज घेतलंय ना?" मॅडमनी विचारलं.

"घेतलंय. नाय म्हणणार नाय. फक्त दिलंय ते धरा."

"धरायला लावू. आठ पानांवर त्याची सही आहे. हे ऑक्टोबर मात्र... सही नाही इथे."

मी वाकून बघितलं. पाच तारखेच्या चौकोनात मम्मीचं बारीक अक्षर होतं. 'साईला दिले. घाईत होता, चहा घेतला नाही.'

"मी ड्युटीवर होतो त्या दिवशी," पप्पा म्हणाले. "तिला सही घ्यायचं सुचलं नाय."

"तरी लावू आपण. त्याच घरातली, त्याच तारखेची नोंद आहे. कोर्टाने मानलं तर तेवढे सहा हजार दोनशे कमी होतील."

"झेरॉक्स लावता येईल का?"

"ओरिजिनलच द्यावं लागेल, काका. समोरचे सह्या खोट्या म्हणणार, मग अक्षर तपासायला लागेल."

"परत कधी मिळतं?"

"केस संपली की अर्ज करायचा. दोन वर्षं, तीन वर्षं. नक्की नाही सांगता येत."

पप्पा ऑक्टोबरच्या पानावर बघत राहिले. चौकोनाचौकोनात दूध, गॅस, कुठे गोळ्या संपल्याची खूण, सगळं तिच्या हातचं.

"आठच लावा," ते म्हणाले.

"काका, सहा हजार आहेत."

"असू द्या. ऑक्टोबरचा दिला नाय, असं धरा."

"पप्पा, दिलाय ना पण," मी म्हणालो.

"दिलाय. ते आपल्याला माहिती हाय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग ते पान बाजूला काढून त्यांच्या हातात दिलं. आठ पानांना आकडे टाकले. यादीवर पप्पांनी सही केली. सवयीने सहीसमोर वेळही लिहिली, बारा दहा. मॅडमनी खोडली नाही.

म्हणणं दाखल झालं. पुढची तारीख बावीस. फायनान्सच्या वकिलाने साईच्या सह्यांवर तिथेच हरकत घेतली. म्हणजे हे चालणार.

घरी आलो तेव्हा ओट्यावर डबे तसेच होते, रांगेत. वर कडप्पा उघडा पडलेला, काळा. मी पेपर घेऊन स्टुलावर चढायला लागलो.

"मी चढतो," पप्पा म्हणाले.

त्यांनी आधी फळी पुसली. मग कोपऱ्यात ऑक्टोबर अंथरला. उरलेल्या जागेवर पेपर. मी तेलाचा डबा वर दिला.

"हा नको. पोह्याचा दे."

डबा ठेवून झाल्यावर त्यांनी तो परत दोन बोटं मागे सरकवला. पाच तारीख मोकळी राहील इतका.