सूपभर कोंड्याचा नातू

“हात धर त्याचा! आगं, धर की! ओरबाडून रगात काढतंय बघ पोर!”

सारजाबाईनं चुलीपुढनंच असा आवाज टाकला की दारात पेंगत पडलेलं कुत्रं उठून निमूट उकिरड्याकडं गेलं. सून रंभाबाई जात्यावर बसली होती. एक हात जात्याच्या खुंट्याला, दुसरा पोराच्या मनगटाला. दळण एकीकडं नि पोर एकीकडं, दोन्ही तिच्या हातात राहत नव्हती.

पोर म्हणजे रामहरी, सारजाबाईचा एकुलता नातू. नुकतं कुठं पाऊल टाकायला लागलं होतं. तोंडानं गोड, पण अंगानं नुसतं इसब. कोपराच्या लवणीत, गुडघ्यामागं, गालांवर लाल चट्टे उठायचे, खाजवून खाजवून त्यातनं पाणी यायचं. कधी पंधरवडाभर कातडी निवायची, पोर हसायला लागायचं. घरात जरा हायसं वाटलं, की लगेच पुन्हा पेटायचं. त्या साली पौष लागला आणि इसबानं जे डोकं वर काढलं ते खाली घालायचं नाव घेईना. पोराला झोप नाही, आईला नाही, आणि सारजाबाईच्या तोंडाला तर मुळीच नाही.

“तूच वांगं खाल्लंस. आंगावर पितंय पोर, आन् हिला वांगं पायजे!”

“आत्याबाई, वांगं तुमीच केलं हुतं.”

“मी केलं. पन तुला खा म्हून कोन म्हनलं?”

रंभाबाई जातं ओढत राहिली.

टेंभुर्णीच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावरची ही चिलारवाडी. गावात घरं थोडी आणि वैद्य घरटी दोन. कुणी म्हणालं कडुलिंबाचा पाला उकळा, उकळला. कुणी म्हणालं करंजाचं तेल चोपडा, चोपडलं. कुणी कुंभाराच्या चाकावरची माती सांगितली, तीही थापली. सोलापूरच्या गिरणीतल्या कुणा पाहुण्यानं साबणाची लाल वडी आणून दिली. ती लावल्यावर पोरानं असा टाहो फोडला की पाहुणा चहा न पिताच उठला. पोराचा बाप महिपती एक दिवस रानातनं आला, पोराकडं बघितलं आणि म्हणाला, “आये, ह्यो आपला रामहरी हाय, का सारवायची भित?”

सारजाबाईला हे फार लागलं. कारण गावात औषधाचा मान तिचा होता. तिच्या हरभऱ्याच्या आंबेसारखी आंब पंचक्रोशीत नव्हती. हरभरा घाटे धरायला लागला की ती सांजच्याला मऊ जुनी फडकी रानातल्या हरभऱ्यावर अंथरून यायची. दवाबरोबर झाडाची आंबट आंब फडक्यात उतरायची. सकाळी फडकी पिळून ती बाटलीत भरायची. पोट दुखलं, फुगलं, अडलं, की गाव तिच्या दारात. एक घोट घेतला की माणूस ढेकर देत घरी जायचा. अशा बाईच्या घरातलं पोर खाजवतंय म्हणजे काय?

शेवटी किराणावाल्या रुद्रप्पानं तोड काढली. रुद्रप्पा मूळचा अक्कलकोटकडचा. गूळ जोखता जोखता तो भविष्यही सांगायचा, आणि गुळापेक्षा भविष्य जास्त घालायचा.

“अय्यो, सारजव्वा, औषध बास करा की आता. पोराला दृष्ट हाय. त्याला उकिरड्यावर टाका, आन् जी बाई सोता लहानपनी केरातनं उचललेली हाय, तिला इकून टाका. कातडी बरी झाली की सूपभर कोंडा देऊन परत घ्या.”

सारजाबाईचं तोंड कडू झालं. केरातनं उचललेली बाई गावात एकच होती, शेजारची केराबाई. नावच सांगत होतं. आणि केराबाईशी सारजाबाईचं शेवग्यावरनं वाकडं होतं. झाड सारजाबाईचं, फांदी केराबाईच्या अंगणात. शेंगा कुणाच्या, यावर दोघींनी गेली कित्येक वर्षं एकमेकींच्या माहेराचा उद्धार केला होता.

पण नातवापुढं शेंगा कसल्या? सोमवारी सकाळी अख्खी गल्ली उकिरड्याभोवती जमली. रामहरीला गोधडीवर, गोधडी सुपात आणि सूप उकिरड्यावर. पोरानं एक कोंबडी बघितली आणि खदखदा हसलं. केराबाई पदर खोचून पुढं आली. लग्नातल्या वरमाईचा तोरा होता तिचा.

“कुनाचं गं ह्ये बेवारशी पोर?” ती रीतीप्रमाणं म्हणाली.

“कुनाचं न्हाई. केरात पडलंय,” सारजाबाईनं रीतीप्रमाणंच उत्तर दिलं, पण आवाज चिरकला.

“मग मी नेते.” केराबाईनं पोर उचललं, कडेवर घेतलं आणि चालायला लागली.

“आगं, कुटं? आन की हिकडं. कोंडा आनलाय मी.”

“कोंडा ठेव तुजा. रुद्रप्पा काय म्हनला? कातडी बरी झाल्यावर. आत्ता दिलं तर दोष कुनाला? मला! पोर माजं हाय आता. भिताडापलीकडनं बघत जा.”

सारजाबाई कोंड्याचं सूप धरून तशीच उभी. गल्ली हसायची थांबेना. पोर अंगावर पिणारं, म्हणून मागोमाग रंभाबाईही केराबाईच्या घरी मुक्कामाला गेली. महिपती रोज जेवायला म्हणून जायचा आणि लेकाला खेळवत तिथंच बसायचा. सारजाबाई एकटी चुलीपुढं. भाकरी करायची, आणि ती खायलाही तीच.

आणि काय सांगावं, पोराचं अंग निवळायला लागलं. केराबाईनं केलं काय? काही नाही. नवरा रावजी, त्याचं विरलेलं धोतर फाडून त्यात पोर गुंडाळलं, कोमट पाण्यानं अंग धुतलं, ओलसर अंगालाच लोणी लावलं, नखं काढली. बस. गालांवरची लाली उतरली, कोपरं मऊ झाली. आडावर केराबाईचा आवाज चढला.

“माज्या हातालाच गुन हाय बाई. न्हाईतर एकेकीच्या घरात बाटल्यांच्या वळी, आन् पोर सोलल्यालं!”

सारजाबाईनं घागर तशीच टाकली आणि तडक केराबाईच्या दारात गेली. रामहरी ओसरीवर लोळत होता. आजी दिसताच त्यानं दोन्ही हात वर केले. खाजवायला नव्हे, उचलून घे म्हणून. म्हातारीनं हात पुढं केले.

“दे गं केरे माजं पोर. बरं झालंय आता.”

“मी देईन. पन तुजी सूनच यायला तयार न्हाई. इचार तिला.”

रंभाबाई दारात आली. कधी तोंड वर न करणारी बाई, पण आज तिनं सासूच्या डोळ्यांत बघितलं. “आत्याबाई, रागावू नका. आपल्या घरात काय तरी हाय. ते घावल्याबिगर मी पोराला न्हेनार न्हाई. पुन्ना त्याचं रगात बघायचं बळ न्हाई माज्यात.”

सारजाबाई घरी आली आणि घर उलटंपालटं केलं. उतरंडी हलवल्या, मांजर हाकललं, ते परत आलं, परत हाकललं. कणगीखाली उंदराचं बीळ सापडलं, त्यात लिंबू-मिरची कोंबली. उंदीर दुसऱ्या बाजूनं निघून गेला. वांग्याची रोपं उपटून टाकली. महिपती म्हणाला, “आये, आता मलाबी हाकलून बघ. मीच आसंन एकादवेळ.”

“तुला कशाला हाकलायचं? तू हायेस कुटं घरात?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी हरभऱ्यात गेली. गारठा मरणाचा. आंब पिळली, फडकी बांधावरच्या उन्हात वाळत टाकली. वाळली तशी घडी घालताना एक मानेभोवती गुंडाळलं, एक डोक्याला. मऊसूत फडकी, तिच्याच जुन्या लुगड्याची. जरा ऊब आली. गुणगुणत घरी आली.

उन्हं तापली, घाम सुटला आणि मान चुरचुरायला लागली. तिनं खाजवलं. अजून चुरचुरली. कपाळही पेटलं. तिनं धसकट घेतलं, मग फणी घेतली, शेवटी दाराच्या चौकटीला मान घासत उभी राहिली. एवढ्यात महिपती आला.

“आये!” तो ओरडला. “तुला बी इसब!”

“इसब न्हवं मेल्या, आंब लागली. फडकं गुंडाळलं हुतं हरबऱ्यावरचं...”

बोलता बोलता ती थांबली. फडकं हातात घेतलं, उलटं केलं. कोपऱ्यात रंभाबाईनं घातलेला निळा टाका होता. रामहरीच्या बाळुत्याचा. मऊ कापड आंब चांगली धरतं म्हणून ती रोज सांजच्याला दांडीवरची बाळुती न्यायची आणि सकाळी वाळवून, घडी घालून, पोराच्या उशाशी ठेवायची. हरभरा उपटताना हात पोळतात म्हणून गावातल्या बाया हाताला चिंध्या बांधतात, हे ती सगळ्या जगाला शिकवायची. आणि स्वतःच्या नातवाला त्याच आंबेत गुंडाळत होती.

“आगं बाई गं...” सारजाबाई मटकन खाली बसली. डोळ्यांतनं पाणी आलं. “मीच गं. मीच माज्या लेकराला पोळलं!” मान खाजवत ती रडायला लागली.

महिपतीला हसावं का रडावं कळेना. त्यानं आधी लोण्याचा गोळा आणून आईच्या मानेला लावला.

आता जायचं आणि सांगायचं. पण कुणाला? केराबाईला! जन्मभर आडावर ऐकावं लागेल. म्हातारी उठायची, दारापर्यंत जायची, पुन्हा येऊन बसायची. असं चाललं असताना रावजी धापा टाकत आला.

“वैनी, चला बिगीबिगी! घरधनीन गडबडा लोळतीया. सकाळधरनं हुरडा खाल्लाय. मी म्हनलं बास कर, तर म्हनली तोंड बगा तुमचं. आता पोट तट्ट फुगलंय. आंब द्या!”

सारजाबाईनं डोळे पुसले. कोनाड्यातली बाटली घेतली. सूपभर कोंडाही घेतला. अडला हरी गाढवाचं पाय धरी म्हणतात. यातला हरी कोण नि गाढव कोण, हे दोघींनी आपापल्या मनात आपापल्या सोयीनं ठरवलं असणार.

केराबाई वाकळेवर आडवी, पोट धरून कण्हत होती. सारजाबाई उशाशी बसली, बाटली मांडीवर ठेवली.

“आदी पोर.”

“आदी आंब! मरतीया मी!”

“न्हाई मरत. शेवग्यावरनं भांडायला उरशील तू. पोर दे.”

“घे बाई, घे! न्हे तुजं पोर!”

सारजाबाईनं विजयी मुद्रेनं सुनेकडं बघितलं. पण रंभाबाई रामहरीला छातीशी धरून भिंतीला टेकली होती, आणि जागची हलत नव्हती. “घरात काय हाय ते घावलं का, आत्याबाई?”

जिंकलेला डाव तिथंच अडला. तोंड मिटून चालत गेली असती तर सारजाबाईचा मान शाबूत राहिला असता. तिनं पोराकडं बघितलं. मग डोक्यावरचा पदर मागं सारला आणि आपली लालभडक मान सुनेपुढं केली.

“घावलं. मीच हाय. तुज्या लेकाच्या बाळुत्यांत मी आंब धरत हुते. रोजच्या रोज.”

मग वाकळेवरनं एक विचित्र आवाज आला. केराबाई हसत होती.

“काखंत कळसा... आन् गावाला... आगं आई गं, हसवू नका गं कुनी! पोट फुटंल!” ती हसायची, कळवळायची, पुन्हा हसायची. सारजाबाईनं रागारागानं तिच्या तोंडाला बाटली लावली. केराबाईनं घोट घेतला, डोळे फिरवले, आणि असा ढेकर दिला की रावजीची टोपी हलली म्हणतात.

“सारजे,” ती निवांत म्हणाली, “आंब मातुर तुजीच गं बाई. तोड न्हाई.”

हे ऐकलं आणि सारजाबाईला हसू फुटलं. रंभाबाई पुढं झाली आणि पोर सासूच्या मांडीवर ठेवलं. ज्या आंबेनं पोराला पोळलं, तिनंच त्याला सोडवलं. सूपभर कोंडा केराबाईच्या म्हशीनं खाल्ला, आणि कोंड्याच्या मोलानं परत घेतलेला म्हणून रीतीप्रमाणं रामहरीचा कोंडिबा झाला. आंबेसाठी त्या दिवसापासनं महिपतीचं धोतर जाऊ लागलं. त्याची तक्रार कुणी ऐकली नाही.

इसब काही साफ गेलं नाही. त्या पोराची कातडीच तसली, जरा वारं लागलं तरी रुसणारी. पुढच्या पौषात कोपराशी पुन्हा लाली आली. पण या खेपेला कुणी ओरडलं नाही. रंभाबाईनं कोमट पाणी काढलं, सारजाबाईनं लोणी आणलं, विरलेलं लुगडं फाडलं, नखं काढली. दोन-चार दिवसांत पोर निवलं. बाकी वांगं कोंडिबाची आई खात होती आणि सासू वाढत होती.

मध्येच एके सकाळी भिंतीपलीकडनं खणखणीत आवाज आला.

“सारजे! ए सारजे! कोंडिबाचं आंग कसं हाय गं?”

“बरं हाय की! का गं?”

“न्हाई, म्हशीचा कोंडा सपलाय!”