पासवर्डातला ॲट

भीमरत्नला बढती मिळाल्याची बातमी यशपालला ऑफिसात नव्हे, आईच्या फोनवर कळली. बेळगावजवळच्या मच्छ्याच्या एकाच कारखान्यात, एकाच खोलीत दोघं कामाला, आणि बातमी मात्र निपाणीहून आली.

“भीमा पेढं घिऊन आलता रं,” आई, सोनुबाई, सांगत होती. “मोठा झालाय म्हणं हापिसात. पाया पडला माझ्या. लई गुणाचं पोरगं.”

“व्हय,” यशपाल म्हणाला आणि रेंज नसल्याचं सांगून फोन ठेवला.

भीमरत्न निपाणीतला त्याचा शेजारी. दोघांच्या आया एका उंबऱ्यावर बसून विड्या वळायच्या. बेळगावला इंजिनिअरिंगला आले तेव्हा भीमरत्नला की-बोर्डवर अक्षरं हुडकावी लागायची. तिथल्या अनगोळच्या भाड्याच्या खोलीत त्याला शेजारी बसवून प्रोग्रॅम लिहायला शिकवलं ते यशपालनं. या नोकरीसाठी साहेबांकडे त्याचं नाव घातलं तेही यशपालनंच. आणि आता यशपालच्या रजेच्या अर्जावर सही भीमरत्नची! सोमवारी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानंही वाजवल्या. पण भीमरत्नला मिळालेली काचेची केबिन दिवसभर त्याच्या डोळ्यांत सलत राहिली.

कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग बनत. त्या भागांची मापं कॅमेऱ्यानं तपासणारं सॉफ्टवेअर ही खोली तयार करत होती. त्यासाठी लागणारी पॅकेजेस, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार प्रोग्रॅम, एक कमांड दिली की पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवरून आणून बसवायचा. पण बेंगळूरच्या मुख्य ऑफिसनं नुकताच नवा नियम काढला होता. कारखान्यातलं सगळं इंटरनेट प्रॉक्सीतून, म्हणजे एकाच फाटकातून जाणार आणि त्या फाटकाला प्रत्येकानं आपलं नाव आणि पासवर्ड द्यायचा.

गुरुवारी दुपारी पुण्याचे ग्राहक यायचे होते. सकाळीच भीमरत्न हाक मारत आला.

“यशा, जरा बघ की रं. डेमोच्या मशीनवर एक पॅकेज राहिलंय. प्रॉक्सी घातली, तरी जोडणीच हुईना.”

यशपाल त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला. काळ्या पडद्यावर तीच तांबडी ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती. खोट काय आहे ते त्याला बघताक्षणी दिसलं. भीमरत्नच्या पासवर्डात ॲटचं, म्हणजे ई-मेलच्या पत्त्यात असतं ते @ चिन्ह होतं. प्रॉक्सीच्या ओळीत नाव आणि पासवर्ड संपला की ॲट येतो आणि त्यापुढं फाटकाचा पत्ता. पॅकेज मॅनेजर पासवर्डातल्याच ॲटपाशी अडत होता आणि उरलेला पासवर्ड पत्ता समजून भलतीकडंच धावत होता. तिथं ॲटऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि पुढं चाळीस लिहिलं की काम भागणार होतं. यशपालच्या स्वतःच्या पासवर्डातही ॲट होता. गेल्या आठवड्यात डोकं फोडून त्यानं हे शोधून काढलं होतं.

ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मॅनेजर साईनाथ सरांनी दारातून विचारलं, “भीमरत्न, होईल ना? तुमच्या भरवशावर बोलावलंय त्यांना.”

तुमच्या भरवशावर. ओठांवर आलेलं यशपालनं गिळलं.

“पत्ता तर बरोबर दिसतोय,” तो म्हणाला. “बेंगळूरला इचार.”

आणि तो जागेवर जाऊन बसला. भीमरत्न बेंगळूरला फोन लावत होता, मधेच कन्नडात अजिजी करत होता, कपाळाचा घाम पुसत होता. यशपालला ते बघून बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती. ती बाजूला सारून तो कॅन्टीनला गेला. चहा निवेपर्यंत तिथंच बसला.

परत आला तर भीमरत्न त्याच्या खुर्चीवर! यशपालच्या मशीनवर पॅकेज उतरत असलेलं बघून त्यानं सेटिंगची फाईल उघडली होती. ओळीत टक्क्याचं चिन्ह आणि चाळीस ठळक दिसत होतं. भीमरत्ननं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. उठून आपल्या मशीनकडं गेला आणि ओळ दुरुस्त केली.

ग्राहक आले, कॅमेऱ्यानं मापं दाखवली, हस्तांदोलनं झाली. साईनाथ सरांनी पाठ थोपटली तेव्हा भीमरत्न म्हणाला, “प्रॉक्सीचं कोडं यशपालनं सोडवलं सर. त्याच्या मशीनवरनंच मला कळलं.”

सर यशपालला “शाब्बास” म्हणाले. कुणी मुस्कटात मारली असती तरी ते परवडलं असतं.

संध्याकाळी गाड्या लावायच्या जागी भीमरत्ननं त्याला गाठलं.

“तुझा पासवर्ड दिसला मला. बदलून टाक,” तो म्हणाला. मग थांबून, “सकाळी ध्यानात आलतं न्हवं तुझ्या?”

“व्हय.”

“मग का रं?”

यशपालनं हेल्मेटचा पट्टा उगीच ओढला. “तू केबिनीत बसल्यालं बघवत न्हाय मला. शिकवलं मी, नि साहेब तू. आईसुद्धा तुझंच गुण गाती.”

भीमरत्ननं खिशातनं गाडीची किल्ली काढली. “कॉलेजात मी बी जळायचो तुझ्यावर,” तो म्हणाला. “तुला समदं पटकन यायचं. पण शिकवताना तू कधी हातचं राखलं न्हाईस. म्हणून सकाळी पयल्यांदा तुझ्याकडंच आलो.”

माफी मागावी म्हणून यशपालनं तोंड उघडलं, तोवर भीमरत्ननं गाडीला किक मारली होती.

दुसऱ्या दिवशी भीमरत्न नेहमीसारखा बोलला, पण कामापुरतंच. डबा खायला तो केबिनमध्येच बसला. यशपाल खोलीतल्या एकेका मशीनपाशी गेला. कुणाच्या पासवर्डात ॲट, कुणाच्या हॅश. प्रत्येकाची ओळ त्यानं नीट करून दिली, का अडतं तेही समजावलं. मत्सर गेला नव्हता. काचेपलीकडं भीमरत्नशी बोलताना साईनाथ सर हसले की अजून काळजात टोचायचं. तरी दुपारी तो स्वतःहून केबिनच्या दारात जाऊन उभा राहिला.

“भीमा, चुकलो मी.”

भीमरत्ननं मान वर केली. मग पुढ्यातला डबा थोडा सरकवून त्यानं समोरची खुर्ची दाखवली.