एकवचनी कर्ता

साल पंचावन्न. पनवेलच्या हायस्कुलात आठवीला इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं. मास्तरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं : 'द व्हिलेज गर्ल डझ नॉट रीड.' खेड्यातली मुलगी वाचत नाही.

"कर्ता एकवचनी, म्हणून डझ," मास्तर म्हणाले. "चंद्रावती, ऊठ. याचं अनेकवचन कर."

चंद्रावती मिठागरात राबणाऱ्या तुळशीरामची मुलगी. खाडीकाठच्या गावातून चालत यायची. त्या गावातून हायस्कुलात आलेली ती पहिलीच मुलगी. ती उठली, पण बोलली नाही.

"येत नाही?"

"येतं, सर. कर्ता अनेकवचनी झाला की डझचं डू होतं. पण मी म्हणणार नाय."

"का?"

"खोटं हाय."

तिचं 'हाय' ऐकून मागची बाकं हसली. मास्तरही हसले. "अगं, व्याकरणाला खरंखोटं नसतं. कर्ता नि क्रियापद जुळलं की झालं."

"मग हेपण जुळतं, सर. द व्हिलेज गर्ल रीड्स."

"मी अनेकवचन विचारलं."

"त्याचं अनेकवचन नाय, सर. आमच्या गावची मी एकटीच हाय."

या वेळी कोणी हसलं नाही. मास्तरांचे कान लाल झाले. फळ्यावरच्या वाक्याचं अनेकवचन म्हणेपर्यंत इंग्रजीच्या तासाला बाहेर उभं राहायचं, असं त्यांनी फर्मावलं.

चंद्रावती व्हरांड्यात, भिंतीला न टेकता, उभी राहू लागली. जाता-येता पोरं तिला 'व्हिलेज गर्ल' म्हणून चिडवायची. एकदा तर ती अर्ध्या वाटेवरून मागे फिरणार होती. तिच्या वर्गातली आसिया, सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी, मुद्दाम खिडकीजवळ जाऊन बसली. वाचायची पाळी आली की बाहेर ऐकू जाईल असं वाचायची. मधल्या सुट्टीत ती म्हणाली, "म्हणून टाक ना एकदाचं. तुझं काय जातंय?"

"आज म्हटलं तर उद्या मलाच ते खरं वाटायला लागंल."

शेवटी हेडमास्तरांनी तुळशीरामला बोलावलं. इंग्रजीचे मास्तर आणि चंद्रावतीही तिथे होते. "मुलीला माफी मागायला सांगा. नाहीतर नाव कमी करावं लागेल."

तुळशीराम लेकीकडे वळला. "काय म्हनायचं नाय तुला?"

तिने वाक्य मराठीत सांगितलं. तो मास्तरांना म्हणाला, "गुरुजी, तिचं इंग्रजी चुकलं काय?"

"चुकलं नाही. तिनं सांगितलेलं ऐकलं नाही."

"मग उभी राहील ती भायेर. पर नाव कमी करू नका. आनि ते वाक्य बोल, असं मी तिला सांगनार नाय."

हेडमास्तरांनी नाव राहू दिलं. मास्तर मात्र नमले नाहीत. वर्षभर ती इंग्रजीच्या तासाला बाहेरच राहिली. वार्षिक परीक्षेत अनेकवचन करायला तेच वाक्य आलं. तिने जागा कोरी सोडली आणि बाकीच्या उत्तरांवर पास झाली.

"मार्क फुकट घालवलेस," निकालाच्या दिवशी मास्तर म्हणाले.

"घालवले, सर," ती म्हणाली आणि प्रगतिपुस्तक घेऊन निघाली.

जूनमध्ये ती शेजारच्या भामाला नाव घालायला घेऊन आली. भामाची आई सखूबाई शाळेच्या पायरीशी घुटमळली.

"हिलापन भायेर उभी करतील काय गं?"

"करतील," चंद्रावती म्हणाली. "भिंतीला टेकायचं नाय, एवढं मी तिला सांगून ठेवलंय. चला आत."