नाही म्हणणाऱ्याचं जेवण

आमच्या वस्तीत कुणी एखाद्या गोष्टीला 'नाही' म्हटलं, तर त्याला शिव्या देत नाहीत. त्याच्या घरी जेवायला जातात. रविवारी विहारात वंदना झाली की बैठक बसते. प्रश्न तीन वेळा विचारायचा, आणि तिसऱ्या वेळीही एकाचा नकार उरला तर हात मोजून त्याला हरवायचं नाही. रोज संध्याकाळी एका घरानं आपली भाजी-भाकरी घेऊन त्याच्याकडे जायचं. आधी पोटभर जेवायचं, मग बोलायचं. आवाज चढवायचा नाही, कसली भीती घालायची नाही. तो तरी वळेल, नाहीतर आपण तरी. ऐकणाऱ्याला खुळेपणा वाटेल, पण आमचा विहार याच रीतीनं उभा राहिला आणि विहीरही अशीच खणली गेली.

मागच्या उन्हाळ्यात मी एकटा 'नाही' म्हणालो. मी म्हणजे साहेबराव, एसटीचा रिटायर कंडक्टर. विहीर सरकारी पाणीयोजनेला जोडायची आणि दारोदार नळ घ्यायचे, असा प्रश्न होता. माझं म्हणणं एवढंच, की विहीर आपण खणली, गाळ आपण काढतो, पाण्याची पाळी आपण ठरवतो. उद्या व्हॉल्व्हची चावी तालुक्याला, पौडला गेली की तहान आपली आणि वेळ त्यांची.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. खोटं कशाला बोलू, मला सण आल्यासारखं वाटलं. बायको गेल्यापासून मी एका ताटाचा स्वयंपाक करत होतो, आणि तो काही केल्या जमत नाही. मुलगा प्रमोद मारुंजीला भाड्यानं राहतो. फोन करतो, पण माझ्याशी बोलता बोलता तिथल्याच कुणाशी तरी बोलत असतो. आता माझ्या घरात सुकटीचा आणि ठेच्याचा वास येऊ लागला. शेजारची प्रभावती जेवता जेवता म्हणाली, की विहिरीच्या पायऱ्या आता तिच्यानं चढवत नाहीत. हे मी आधीही ऐकलं होतं, पण तेव्हा ती समोर बसून जेवत नव्हती.

घरांच्या पाळीची दुसरी फेरी सुरू झाली तोवर मी निम्म्याहून जास्त वळलो होतो. तरी बैठकीत 'नाही'च म्हणत होतो. एकदा ताट विसळताना प्रभावतीनं मला पकडलं.

"नाना, तुमचं मन कवाच वळलंय. पंगत मोडंल म्हनून न्हाई म्हनताय."

"मग सांग की जाऊन इहारात."

"कशापायी? मला बी एकटीला घास जात न्हाई."

तरीही त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून मार्ग काढला. नळ घ्यायचे, पण चावी वस्तीकडेच ठेवायची. येत्या रविवारी मी या अटीवर 'हो' म्हणणार होतो.

शनिवारी आमच्या वस्तीतला बुद्धभूषण पौडहून आला. लवळ्याच्या एका कॉलेजात क्लार्क आहे, पोरगा गुणी, कायद्याचं वाचन चांगलं. हसत हसत त्यानं हातावर पेढा ठेवला.

"नाना, सुटलात तुमी. योजना वरनंच मंजूर झाली. आता तुमचं व्हय बी लागत न्हाई आन् न्हाई बी. कुनी तरास देनार न्हाई तुमाला."

पेढा मी खाल्ला. त्या संध्याकाळी गौतमीच्या घराची पाळी होती. कुणी आलं नाही. तिला दोष देत नाही. ज्याचं मत लागतच नाही, त्याच्यासाठी कोण भाकरी बांधून घेईल?

नळ आले, चावी पौडला गेली. पाणी चांगलं आहे आणि प्रभावतीच्या गुडघ्यांना आराम पडला, हे कबूल. फक्त ते येतं ऐन जेवणाच्या वेळेला, आणि कधी जाईल त्याचा नेम नाही. त्यामुळे सगळी वस्ती नळाला बांधलेली. प्रभावती लांबूनच काहीतरी बोलते, पण हंडा सोडून येता येत नाही. रविवारी वंदना होते आणि माणसं घरी जातात. विचारायचं काही उरलंच नाही.

मी जन्मभर सरकारी खाकी घातली, सरकारचा दुस्वास मला नाही. पण ज्याला माझा होकार हवा असतो, त्याला माझ्या दारी यावं लागतं. ज्याला तो नको असतो, तो माझं भलंसुद्धा लांबूनच करतो. याचा मला राग आला, आणि एकटं वाटलं ते त्याहून जास्त.

शेवटी पौडला गेलो. पाणीयोजनेच्या ऑफिसातला साहेब तरुण होता, नम्र होता. टेबलावर मेसचा डबा अर्धा खाऊन ठेवलेला. पाण्याची वेळ तेवढी बदला, म्हटलं. वेळापत्रक वरून येतं, म्हणाला. वर म्हणजे कुठं, ते त्यालाही सांगता येईना.

"मग माझं 'नाही' कुणाला सांगू?"

"काका, आता नाही म्हणून काही उपयोग नाही."

"उपयोगाचं राहू द्या. तुम्ही एकदा माझ्याकडे जेवायला या. आमच्यात तशी रीत आहे."

तो एकदम सावरून बसला. दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "नको काका. आम्हाला असं कुणाचं काही घेता येत नाही."

मी लाच देतोय असं त्याला वाटलं होतं. समजावत बसलो नाही, जय भीम करून उठलो. वस्तीवर पोचलो तेव्हा पाणी आलं होतं. सगळे दारातच उभे होते, आणि कुणाचाच हात रिकामा नव्हता.